गार्व्हींचा वरचा सूर

ॲथलोनजवळच्या बॅलिकॉरन या आयरिश गावात फिन्टन गार्व्ही हे नाव घेताना माणसं आपोआप आवाज खाली आणतात. जगभरच्या ऑपेरांत चाळीस वर्षं गाजलेला हा टेनर, म्हणजे पुरुषांत सगळ्यात चढ्या सुरात गाणारा गवई, दर ऑगस्टला गावी येतो आणि चर्चच्या हॉलमध्ये फुकट गातो. व्हिएन्नाकडे मात्र पाच वर्षांत फिरकलेला नाही. गावावरच्या प्रेमापोटी, असं गाव म्हणतं. गावाने एका राउंडअबाउटला त्याचं नाव दिलंय आणि बेकरीवाल्याने एका स्कोनला.

उपेंद्र टिकेकर याच गावात राहतो. दिवसा सॉफ्टवेअर, उरलेल्या वेळात पेटी आणि पियानो. मिरजेत असताना त्याने भल्याभल्या गवयांना साथ केलेली. इथे मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला महाप्रसादाच्या रांगेसमोर दोन पदं मिळतात. लोक पुरीभाजी घेता घेता माना डोलावतात, बहुतेक पुरीला. इथल्या अकरा वर्षांत त्याचं नाव एकदाच छापून आलं, तेही 'खुर्च्यांची व्यवस्था' या मथळ्याखाली.

त्यामुळे गार्व्हींना गावात नऊ वर्षं साथ करणाऱ्या ब्रायडीबाईंचं मनगट मोडलं आणि कमिटी उपेंद्रच्या दारी आली, तेव्हा त्याला चेहरा दुःखी ठेवताना फार कष्ट पडले. पोस्टरवर नाव येईल का, हे त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पोस्टर छापून झालंय," सेक्रेटरी म्हणाला. "पण गार्व्ही खूश झाले तर पुढच्या वर्षी नक्की. यू'ल बी ग्रँड, मस्त जमेल तुला."

तालमीत उपेंद्रने कागदावर होतं तसं, काना-मात्रा न चुकता वाजवलं. गार्व्हींचा शेवटचा तो जगप्रसिद्ध वरचा सूर आला आणि कुकरची शिट्टी अर्ध्यात बसावी तसा बसला. गार्व्हींनी आधी हॉलमधल्या ओलीला दोष दिला, मग चहाला, आणि मग उपेंद्रकडे नुसतं बघत राहिले.

"अडुसष्टचे आहेत रे ते," घरी स्वरूपा म्हणाली. ती त्याची बायको, आणि डॉक्टर. "व्होकल कॉर्ड्सनाही वय असतं ना."

मिरजेतले म्हातारे गवई सरळ सांगत, आज काळी दोन नको, पट्टी उतरव, काळी एक घे. कुणाला त्यात काही वाटत नसे. इथे जागतिक कीर्तीचा प्रश्न होता, म्हणजे तोंड बंद. मग उपेंद्रने ठरवलं: इलेक्ट्रिक पियानोवर पट्टी उतरवायचं बटण असतं, अर्धा सूर गुपचूप खाली. आपण एका थोर माणसाची लाज राखतोय, या कल्पनेने त्याची छाती इतकी फुगली की कार्यक्रमाच्या दिवशी कोटाचं बटण लागेना.

सूर लागला. जेमतेम, मानेच्या शिरा ताणून, पण लागला. हॉल उभा राहिला, बायका डोळे पुसू लागल्या. पडद्यामागे गार्व्हींनी हाक मारली, तेव्हा उपेंद्र चेहऱ्यावर नम्र हसू घेऊनच गेला.

"अर्धाच?" गार्व्ही घाम पुसत म्हणाले. "ब्रायडी दीड सूर उतरवते. मारलंच होतंस मला!"

हसू तिथल्या तिथे विरलं. "तुम्हाला कळलं?"

"गवई आहे मी. आणि समोर बसलेल्या त्या चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या बायकांना कळत नाही, असं वाटतं तुला? अख्ख्या गावाला ठाऊक आहे. कोणी बोलत नाही. बाहेरच्या जगात सगळे कागदावर लिहिलंय तसंच वाजवतात, पोरा. म्हणून तर मी इथे येतो." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी दोन उतरव. पोस्टरचं मी सांगतो त्यांना."

अकरा वर्षं हवं होतं ते मिळालं, आणि उपेंद्रला आनंद काही होईना. त्याला त्या म्हाताऱ्याचा जळजळीत हेवा वाटत होता. बाहेर अख्खं गाव सगळं माहीत असूनही अजून टाळ्या वाजवत होतं. उपेंद्रला मात्र मिरजेला गेल्या खेपेस स्वतःच्याच गल्लीत एकाने थांबवून विचारलं होतं, "कोण पाहिजे आपल्याला?"