बकल उघडेना

भुताखेतांचे किस्से निघाले की मी मोबाईल काढून बसणारी मुलगी आहे. विश्वास नाही, आणि खोटं खोटं घाबरायलाही जमत नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... घरी सांगितलं तर आई नोकरी सोडायला लावेल, म्हणून इथे.

मी जेसल पार्कला राहते. काशीमीऱ्याला गॅरेजच्या रांगेमागे आमच्या कंपनीचं गोडाऊन आहे, तिथे मी सेफ्टीचं काम बघते. मी लागण्याआधी छताची गळती काढताना कॉन्ट्रॅक्टरचा एक माणूस सिमेंटचा पत्रा फुटून खाली पडला आणि गेला. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. विचारलं की एकच उत्तर – "तो आपल्या पेरोलवर नव्हता."

त्यानंतर छतावर एक लोखंडी दोरी बसवली, सेफ्टी बेल्ट आणले. आणि एक पद्धत पडली. वर जाणाऱ्यांना बेल्ट घालायचे, रांगेत उभं करून फोटो काढायचा, तो हेड ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा... की बेल्ट परत कपाटात. बेल्ट लावून काम हळू होतं म्हणे.

या वर्षीही तसंच. दुपारची वेळ, कॉन्ट्रॅक्टरची दोन माणसं. फोटो झाला. मी मॅनेजर सरांना हळूच म्हटलं, "सर, बेल्ट राहू द्या ना. माणसं कॉन्ट्रॅक्टरची असली तरी जागा आपली आहे. कायद्याने जबाबदारी आपल्यावरही येते."

"अरे वा, मॅडम बोलल्या!" सर हसले. "आता वकीलबाई सांगतील तसं करायचं काय? चला रे, काढा बेल्ट."

एकाने काढला. दुसऱ्याचं, म्हणजे संतोषचं, बकल उघडेना. सरांनी ओढलं, स्टोअरच्या पवारकाकांनी तेल सोडलं. बेल्ट नवा कोरा होता, सकाळी मीच पाकिटातून काढलेला.

"लगीनगाठ हाय जनू," संतोष म्हणाला. सगळे हसले.

"जाऊ दे, तसाच जा वर," सर वैतागले. बेल्ट अंगावर आहेच, तर मी संतोषला हूकही दोरीला लावायला सांगितला. तो चढला. त्याचा जोडीदार आणि मी शिडीपाशीच उभे होतो.

थोड्या वेळाने कडकन आवाज झाला. आत बघितलं तर फुटलेल्या पत्र्यातून संतोष अधांतरी लोंबकळत होता. बेल्टने धरून ठेवलेला.

फोर्कलिफ्ट लावून त्याला उतरवलं. पवारकाकांनी बकलला नुसतं बोट लावलं... उघडलं. सर तोंड फिरवून बाहेर गेले.

संतोषला मी पाणी दिलं.

"मॅडम, त्याला उतरवलं का?"

"कोणाला?"

"वर माज्या मागं होता की. दोरी धरून. 'हलू नको, येतायत, येतायत' म्हनत होता सारखा."

शिडी एकच. संतोषनंतर तिच्यावरून कोणी चढलं नव्हतं.

बकलं अडकतात, घाबरलेल्या माणसाला भास होतात – हे मला कळतं. पण दोन्ही एकाच माणसाला, एकाच दुपारी? आता आमच्याकडे फोटोनंतर बेल्ट काढायला कोणी सांगत नाही. सरही नाही. त्यावर आम्ही कधी बोललोही नाही.

तेव्हा मात्र संतोष उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, "हो, उतरवलं."

तो तिथेच बसून रडायला लागला.

मी वर त्या भोकाकडे बघत राहिले. आपण खरं बोललो की खोटं, हे मला अजूनही माहीत नाही.