सातशे तीनच्या बाई

अलिबागला ग्राहक आयोगात आम्ही तक्रारदार एकमेकांना फ्लॅटच्या नंबरानेच ओळखायचो. त्या सातशे तीनच्या बाई. उरणकडच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या. बिल्डरने ताबा सहा वर्षं लांबवला, पण त्यांनी सुनावणीची एकही तारीख चुकवली नाही. येताना सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणायच्या. कोणी बिल्डरला शिव्या घालू लागला की म्हणायच्या, "आधी जेवा. भांडायला ताकद लागते."

शेवटी बिल्डर तडजोडीला आला. व्याजासकट पैसे घ्या, नाहीतर थोडं थांबून फ्लॅट घ्या, म्हणाला. आम्ही कंटाळलो होतो, पैसे घेतले. त्या मात्र म्हणाल्या, "पैसे न्हाय, मला घरच पाहिजे."

परवा त्यांच्याकडे गेलो. अख्ख्या इमारतीत राहायला त्या एकट्याच. त्यांनी हौसेनं खोल्या दाखवल्या. शेजारचं, मी सोडून दिलेल्या फ्लॅटचं दारही दाखवलं.

"घर छान आहे हो, बाई," मी निघताना म्हणालो.

"हाय ना. पण तारखा होत्या तेव्हा तुम्ही सगळे भेटत तरी होतात."

लिफ्ट अजून सुरू नव्हती. मला सोडायला त्या सातही मजले उतरून खाली आल्या.