वरच्या मजल्यावरची हौस

अंगाला इतकी भोकं आणि स्वभावात मात्र एकही छिद्र नाही, असा माणूस अख्ख्या घाटकोपरात एकच होता आणि तो आमच्या डोक्यावर राहायचा. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. दोन्ही कान मिळून नऊ, डाव्या भुवईत एक, जिभेत एक, उरलेली शर्टाच्या आत. डाव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदलेला समुद्र, आणि त्यात दंडाला विळखा घालून बसलेला ऑक्टोपस. माझी आई त्याला शेवटपर्यंत कोळी समजत होती. "एवढा मोठा कोळी कशापायी काडला रं लेकरा," असं म्हणून ती त्याच्या हातावर चकली ठेवायची.

नोकरी होती एक्स-रे काढायची. मुलुंडच्या एका दवाखान्यात हा दिवसभर लोकांना सांगायचा, "अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवा." म्हातारे पेशंट त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "आधी तू काढ की!" मेट्रोच्या तपासणीत तर यंत्र याला जुनी ओळख असल्यासारखं लांबूनच हाक मारायचं. तिथला माणूस एकदा वैतागून म्हणाला, "कानातलं कळलं, भुवईतलं कळलं. अजून कुठं वाजतंय?" हा शांतपणे म्हणाला, "साहेब, ते तुमच्या हद्दीत येत नाही."

या टोचण्याला फॅशन म्हटलेलं मात्र त्याला खपायचं नाही. एका रविवारी आम्ही दोघं गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलो होतो. टाकीचं झाकण हातात धरूनच त्यानं मला सांगितलं, "दादा, गजरा बघून लोकांना जे होतं ना, ते मला टोचलेल्या भुवईनं होतं. नुसतं छान नाही वाटत. खरंच होतं. कळतंय ना?" मला कळलं. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए.; डिग्री फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलीय. अशा वेळी न कळून चालत नाही. मी म्हटलं, "झाकण लाव, पाण्यात कचरा जाईल."

पण या बाबतीत त्याचे नियम असे कडक, की सोसायटीच्या सेक्रेटरीनं शिकवणी लावावी. सुई उकळलेली हवी, माणूस सज्ञान हवा आणि ज्याचं अंग त्याचा होकार हवा. खालच्या मजल्यावर बारसं होतं तेव्हा सोनार तान्ह्या पोरीचे कान टोचायला बसला आणि हा पेढा हातात घेऊन मध्येच म्हणाला, "तिला विचारलं का?" तिची आजी म्हणाली, "बारा दिवसांच्या पोरीला काय विचारायचं रे मेल्या?" हा म्हणाला, "मग थांबा, बोलायला लागेल तेव्हा विचारा." त्यानंतर वर्षभर त्याला कुणी बारशाला बोलावलं नाही. गंमत म्हणजे नावं ठेवणाऱ्या सगळ्या बायकांच्या नाकात चमकी होती, कानात कुड्या होत्या. त्यांच्या लेखी भोकं फक्त त्याचीच.

एवढा बेडर माणूस एकदा मात्र पार ढेपाळून माझ्याकडे आला. वय चौतीस. कांदिवलीची एक मुलगी पसंत पडली होती, मराठी शाळेत मराठी शिकवणारी. कानातलं, भुवईतलं तिनं बघितलं होतं आणि तिला ती स्टाईल वाटली होती. शर्टाच्या आतलं आणि मनातलं तिला माहीत नव्हतं. याआधी एक सोयरीक अशीच झाकून ठेवली होती, ती साखरपुड्यानंतर मोडली. "या वेळी आधीच सांगणार," तो म्हणाला. "पण दादा, इंग्रजीत याला फेटिश म्हणतात. मराठीत काय? मराठीच्या बाईंना मी काय सांगू?"

बिल्डिंगमधले लोक औषधाच्या बाटलीपासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळं माझ्याकडून वाचून घेतात. मी ऐटीत जाडा शब्दकोश काढला. निघालं काय, तर 'विकृती'. थोबाडीत बसल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"विकृती कशी? मी कुणाला त्रास दिला?"

"नाही."

"कुणावर जबरदस्ती केली?"

"नाही रे बाबा."

"मग हे पुस्तकाला कोण सांगणार?"

मी 'आसक्ती' सुचवलं. त्याला त्यात दारूचा वास आला. 'ओढ' म्हटलं, तर म्हणाला, "हे तर सिनेमाच्या गाण्यात असतं." माझी सगळी बी.ए. तिथं संपली.

आई कोपऱ्यात मेथी निवडत होती. शाळेची पायरी न चढलेली बाई. मान वर न करता म्हणाली, "हौस म्हन की त्याला." तिनं हनुवटीवरच्या तीन हिरव्या ठिपक्यांना बोट लावलं. "ह्ये मी काय देवासाठी गोंदलं व्हय? तुझ्या बापाला लई आवडायचं." आणि मेथी उचलून आत गेली. शेहेचाळीस वर्षं मी ते ठिपके रूढी म्हणून बघत आलो होतो.

कांदिवलीच्या हॉटेलात तो मला आधाराला घेऊन गेला आणि त्यानं मला शेजारच्या टेबलावर बसवलं. डोसा येईपर्यंत त्यानं सगळं सांगून टाकलं, अगदी शर्टाच्या आतल्यासकट. शेवटी माझ्याकडे एकदा बघून म्हणाला, "ही माझी हौस आहे." बाईंनी डोशाचा तुकडा मोडला. मग म्हणाल्या, "मला आठ दिवस द्या."

ते आठ दिवस वरच्या मजल्यावर पंखासुद्धा भीत भीत फिरत होता. तिसऱ्या दिवशी भेटला, तर मी ओळखलंच नाही. कानात, भुवईत, जिभेत काहीच नाही. नेमप्लेटी काढून नेलेल्या इमारतीसारखा दिसत होता. मेट्रोचं यंत्रही म्हणे वाजलं नाही, आणि त्याचंच त्याला रडू आलं.

नवव्या दिवशी तेच हॉटेल, मी त्याच टेबलावर. बाईंनी बसता बसता विचारलं, "भुवईतलं कुठंय?"

"काढलं."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"कमाल करता! आठ दिवस मी ज्या माणसाचा विचार केला, तो घरी ठेवून दुसराच आणलात?" तो खाली मान घालून बसला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "मला सुईची भीती वाटते. मी काही टोचून घेणार नाही, नाकसुद्धा नाही. चालेल?"

"चालेल."

"खरं बोला. उगाच हो म्हणू नका."

त्यानं मिनिटभर विचार केला. मी इडली तशीच ताटलीत ठेवली. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "चालेल. फक्त कधीतरी... चापाची नथ?"

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की वेटर बिल घेऊन आला. "चापाची चालेल," त्या म्हणाल्या. "पण दर वेळी विचारून."

"तो तर माझाच नियम आहे," हा म्हणाला. आठवड्याभरानं पहिल्यांदा त्याचा आवाज त्याच्या आवाजासारखा वाटला.

लग्न आमच्याच बुद्धविहारात झालं. बाईंच्या नाकात चापाची नथ होती. याच्या अंगावर सगळं परत आलं होतं; भुवईतलं भोक तेवढं बुजलं होतं, त्या जागी एक ठिपका राहिला. पुन्हा टोचू नका, असंच राहू द्या, असं बाई म्हणाल्या. मग दोघं कांदिवलीला राहायला गेले. आई गेली, तेव्हा आले होते. चकलीचा डबा बघून तो दंडावरच्या त्या कोळ्यावर हात ठेवून बसून राहिला.

लग्नाहून परतलो त्या संध्याकाळची गोष्ट. बायको आरशासमोर कानातलं काढत होती. आमच्या संसाराला एकोणीस वर्षं झाली होती. आरशातूनच तिनं विचारलं, "तुमची काय हो हौस?" मी डिग्रीकडे बघितलं आणि म्हटलं, "चहा टाक."

तिनं टाकला. चांगला झाला होता. पण तिचा प्रश्न अजून तसाच आहे. शब्दकोशात बघून झालं, आणि मेथी निवडता निवडता सांगणारं आता घरात कुणी नाही.