भुयारात पोचलेला बेल

विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला फूटवॉल, म्हणजे झडप, असतो. तो गळका झाला, की मोटर कितीही ओरडली तरी पाणी परत विहिरीत उतरतं. हिंगोली जिल्ह्यात तीस वर्षं मी हेच दुरुस्त करत आलो. त्यामुळे माझ्या हृदयाची झडप गळकी आहे, पुढं ढकललेलं रक्त मागं येतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आजार मला लगेच समजला. उपाय मात्र समजेना. छाती उघडणं माझ्या फुफ्फुसांना झेपणारं नव्हतं. मांडीच्या रक्तवाहिनीतून घडी केलेली नवी झडप वर न्यायची आणि जुनीच्याच पडद्यांना चिमटे लावून बसवायची, म्हणे. न खोलता दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्र्यांना मी जन्मभर हसलो होतो. "निसटली तर?" मी विचारलं. "क्वचित निसटते. पण असंच ठेवलं तर फार दिवस नाहीत," डॉक्टर म्हणाले. मी सही न करताच घरी आलो.

सोमवारी औंढ्याला गेलो. नागनाथ तळघरात, आणि वाट इतकी अरुंद की वाकून, जवळजवळ बसतच उतरावं लागतं. दोन पायऱ्यांतच मला दम लागला. मागं येऊन हातातला बेल तसाच घेऊन भुयाराच्या तोंडाशी बसलो. देव दहा हातांवर आणि मी बाहेर, या विचारानं रडूच आलं.

रांगेतली एक अनोळखी म्हातारी थांबली. "काहून बसले, भाऊ?"

"दम लागून राहिला. उतरणं होत न्हाई."

"मंग बेल द्या की इकडं."

तिनं माझा बेल खालच्या पायरीवरच्या माणसाला दिला, त्यानं त्याच्या पुढच्याला. थोड्या वेळानं तसंच हातोहात भस्म वर आलं. मी पडलो मिस्त्री, विचारलंच, "पिंडीवरच ठेवला कशावरून?"

ती हसली. "तुमी पाहिला न्हाई म्हणून पोचला न्हाई व्हय?" आणि खाली उतरली.

मी कितीतरी वेळ भुयाराच्या त्या एवढ्याशा तोंडाकडं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली.

आता छातीवर टाका नाही, मांडीवर बोटभर खूण आहे. रक्त मागं येत नाही, ते डॉक्टरांनी मशीनच्या पडद्यावर दाखवलं. मी तीनदा बघितलं. त्यांचे, त्या बाईचे आणि नागनाथाचे उपकार मला वेगवेगळे करता येत नाहीत.

परवा पुन्हा औंढ्याला गेलो. ती बाई दिसली नाही. पायऱ्या उतरत असताना वरून कुणीतरी बेल पुढं केला. कुणाचा, ते दिसत नव्हतं. मी तो घेऊन खालच्या हातात दिला. पुढं कुठं गेला, ते वाकून पाहिलं नाही.