मंजुलाबेनचे बुधवार

पक्षाघाताने माझी वाचा गेली, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीत मी परिपक्व विश्वासणारा म्हणून ओळखला जात होतो. गुजरातेतल्या कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर मी चर्चच्या कारभारी समितीत पंच झालो, दर आठवड्याला बायबलचा शास्त्राभ्यास घेऊ लागलो. माझी प्रार्थना ऐकताना लोकांचे डोळे भरून येतात असं मला सांगितलं जाई, आणि ते मला आवडत असे. मग एका सकाळी गोत्रीच्या घरात दाढी करता करता मी खाली बसलो. बायकोला हाक मारायला गेलो, तर नुसता घोगरा आवाज निघाला.

इस्पितळातून घरी आलो तेव्हा हातपाय बऱ्यापैकी चालत होते, शब्द मात्र हरवले होते. पाणी हवं असलं की तोंडातून 'खिडकी' निघे. डॉक्टर म्हणाले, "रोज सराव करा, हळूहळू येईल." देवाशीही बोलता येईना. ज्या वाचेने मी त्याची स्तुती केली तीच त्याने का न्यावी, याचं उत्तर मिळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो ऐकतो आहे याचीही खात्री उरली नव्हती. पहिला महिनाभर मंडळीतली माणसं भेटायला येत राहिली. पण न बोलणाऱ्या माणसासमोर कोणी किती वेळ बसणार? येणं कमी होत गेलं.

अशातच एका बुधवारी दुपारी मंजुलाबेन आल्या. त्या मूळच्या गुजराती, नवरा मराठी. तो वारल्यावरही त्या त्याच्याच मराठी चर्चला येत राहिल्या. एका बालवाडीत आया होत्या. त्यांना दारात पाहून मी ओशाळलो, त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी प्रार्थनासभेत त्या मोठ्याने म्हणत होत्या, "बापा, आमच्यावर दया करजो," आणि मी त्यांना मध्येच थांबवलं होतं. "'करजो' नव्हे, 'करा' म्हणा. देवासमोर तरी भाषा शुद्ध असावी." काही जण हसले. त्यानंतर त्यांनी सभेत कधी तोंड उघडलं नाही.

"शास्त्र वाचू का थोडं?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. चष्मा लावला आणि एक स्तोत्र काढलं. त्यांची शाळा गुजरातीतली, त्यामुळे मराठी अक्षरं त्या बोट ठेवून, एकेक जोडत वाचत. माझी बायको भरभर वाचायची. मला एका शब्दाचा अर्थ लागेपर्यंत ती पुढच्या ओळीवर गेलेली असे. मंजुलाबेनच्या वाचनात मात्र दोन शब्दांच्या मध्ये मला थांबायला जागा होती. त्या दिवशी त्यांच्यामागून मी 'आनंद' हा शब्द नीट म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

मग त्या दर बुधवारी येत राहिल्या. मी चुकलो तर हसत नसत, सुधारतही नसत. "चालेल भाऊ, फरी एक वार," एवढंच म्हणत आणि तीच ओळ पुन्हा वाचत. सात-आठ महिने असे गेले. त्या दिवसांत मी एक वाक्य एकटाच घोटत होतो. एका बुधवारी ते कसंबसं बाहेर काढलं. "त्या सभेत... मी... चुकलो."

मंजुलाबेननी चष्मा काढून पदराने पुसला. "खूप राग होता, भाऊ. तुम्ही आजारी पडले ऐकलं, तर मनात वाईट विचार पण आला. मग पाळकसाहेबांना सांगितलं. ते बोलले, मन नसलं तरी रोज त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करा. केली. दोन बुधवार तर मी तुमच्या जिन्यावरून पाछी गेले. तिसऱ्या वेळी बेल वाजवली."

तोवर मी समजत होतो की देवाने त्यांना माझ्या वाचेसाठी पाठवलं. त्या तर स्वतःच्या मनाशी झगडत माझ्या जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. शास्त्राभ्यासात मी ज्या परिपक्वतेवर तासन्‌तास बोललो होतो, ती माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एकेक अक्षर जोडत होती आणि मला ती ओळखता आली नव्हती. हा चमत्कार होता की योगायोग, हे मी कोणाला पटवायला जात नाही. कोणत्या हाताने द्यायचं हे देणाराच ठरवतो, आपण फक्त दार उघडायचं, एवढं मला कळलं आहे.

आता मी बोलतो, पण अडखळत. शास्त्राभ्यास दुसरे घेतात. गेल्या रविवारी उपासनेनंतर एका तरुण पंचाने माझं अडलेलं वाक्य स्वतःच पूर्ण केलं, तेही चुकीचं. मला राग आला. थोड्या वेळाने गेला. पूर्वी अशा रागाला जायला दोन-तीन दिवस लागत, यावेळी पार्किंगपर्यंत पोचेतो तो ओसरला होता. स्कूटरवर बसण्याआधी मी त्याबद्दल देवाचे आभार मानले.