शाळेसमोरच्या दुकानाचा पंचनामा

मी मुरबाडला राहते आणि शेणव्याच्या पलीकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. रोज स्कूटीवर जाऊन-येऊन. सरळगाव सुटलं की किन्हवलीपर्यंत रस्त्याला बराच वेळ माणूस दिसत नाही. अकरा वर्षं त्या रस्त्यानं गेले, कधी मागे वळून पाहिलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गात आली नाही. डोळखांबकडच्या पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी, गणितात हुशार. शोधत गेले तर स्वच्छतागृहामागे भिंतीला टेकून बसलेली. ओठ पांढरे पडलेले, समोर उलटी. सकाळपासून उपाशी असेल असं वाटलं. मग जवळ गेल्यावर पिकल्या आंब्याचा वास आला, आणि तो महिना आंब्याचा नव्हता. तिच्या मुठीत जांभळ्या रंगाचं, हायलायटरसारखं काहीतरी होतं. मी टोपण शोधायला लागले. टोपण नव्हतंच. ती व्हेप होती, विजेवर चालणारी सिगारेट. मी फक्त बातम्यांत पाहिलेली.

तीनदा विचारलं, तीनदा ती "नाय माहीत बाई" म्हणाली. शेवटी मी तिच्याशेजारी मातीत बसले, तेव्हा बोलली. शाळेच्या फाटकासमोर वह्या-पेनांचं दुकान आहे, तिथल्या काकांनी दिली होती. पहिल्यांदा फुकट. पुढे वसतिगृहातल्या मुलींना नेऊन द्यायच्या, म्हणजे हिला फुकट मिळणार. आणि ती ओढत असताना त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला होता. कुठे बोललीस तर हा तुझ्या बापाच्या फोनवर जाईल, असं हसत सांगितलं होतं.

"बाई, बा मला शाळंतून काढील," ती म्हणाली. "लगीन लावून देईल."

दुकानदार मला परका नव्हता. पावसात माझी स्कूटी तो आपल्या पत्र्याखाली लावून घ्यायचा. त्याची मुलगी माझ्याच हाताखाली शिकून सासरी गेली होती. हा माणूस रोज मला नमस्कार करतो, आणि याच्या खिशात आमच्या मुलीचा फोटो आहे.

मुख्याध्यापकांना मुलीचं नाव न घेता सांगितलं. ते म्हणाले, पोलिसांकडे पुन्हा जाऊन काय होणार? शाळेजवळ विकल्या जाणाऱ्या गुटख्याच्या पुड्यांबद्दल आम्ही दोघं आधी एकदा पोलीस ठाण्यात जाऊन आलो होतो. तिथे सांगितलं गेलं की गाडी एकच, ती बंदोबस्तात, माणसं कमी आणि पाडे डोंगरभर पसरलेले. चुकीचं सांगितलं असंही नव्हतं. परत येताना मुख्याध्यापक म्हणाले होते, आपणच मुलांवर लक्ष ठेवू.

मग जानेवारीत एक फौजदार मॅडम शाळेत आल्या. शाळांच्या आसपास मुलांना तंबाखू आणि व्हेप विकणाऱ्यांवर कारवाई करायला पोलीस ठाण्याला या वर्षी वेगळा निधी मिळाला होता. त्यातून भाड्याची गाडी, डिझेल, दोन जादा होमगार्ड आणि साध्या कपड्यांत पाळत ठेवायची सोय झाली होती. मार्चअखेर खर्च झाला नाही तर पैसे परत जातील, हेही त्यांनी लपवलं नाही. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मुलीलाच तर धरणार नाही ना, हे आधी विचारलं. त्या म्हणाल्या, गुन्हा मुलांना वापरणाऱ्याचा असतो. जबाब लागलाच तर माझ्यासमोर घेतील आणि तिचं नाव बाहेर जाणार नाही. पण मोबाइल जप्त करायचा तर पंच हवेत. सरकारी नोकर असलेले.

"म्हणजे मी," मी म्हणाले.

"नाही म्हणालात तरी मी समजून घेईन," त्या म्हणाल्या. "तुमचा रस्ता मी पाहिलाय."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. होकार दिला तो धीरानं नव्हे. नाही म्हटलं तर रोज त्या मुलीसमोर फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागेल, याचीही भीतीच वाटली.

पाळत आठवडाभर चालली. धाड पडली ती भर दुपारी. मी आणि ग्रामपंचायतीतले एक कर्मचारी, आम्ही दोघं पंच. मला आधी दारात पाहून दुकानदारानं नेहमीसारखं विचारलं, मॅडम, लाल पेनं काढू का? आणि खरंच डबा काढला. मागून पोलीस आत शिरले तेव्हा त्याचा एक हात डब्यावर होता आणि दुसरा खिशाकडे गेला. शिपायानं मनगट धरलं. घोटीव कागदाच्या गठ्ठ्यामागे व्हेप निघाल्या, खाली पोत्यात गुटखा. फोटो मोबाइलमध्येच होते, आणि त्यात फक्त आमचीच मुलगी नव्हती. ते पाहून फौजदार मॅडम पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या.

पंचनाम्यावर सही करताना माझं नाव मलाच वाचता येईना. मॅडमनी पुन्हा करायला लावली. त्याला गाडीकडे नेताना तो माझ्याजवळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमी पन?"

काही दिवसांत तो जामिनावर सुटला. त्यानंतर किन्हवलीच्या फाट्यावर मोटारसायकलला टेकून उभा दिसायला लागला. काही बोलायचा नाही, मागे यायचा नाही. मी गेले की घड्याळ बघायचा. एकदा शाळेतून निघताना स्कूटीचं चाक बसलेलं होतं. खिळा रस्त्यावरचा की कुणी मारलेला, मला आजही माहीत नाही. फौजदार मॅडमनी त्याला बोलावून समज दिली. रस्त्यात उभं राहणं हा गुन्हा कसा, असं तो म्हणाला म्हणे. घरचे बदली घे म्हणाले. मी एसटीनं जायला लागले.

एका संध्याकाळी तोही त्याच एसटीत चढला आणि माझ्या मागच्या सीटवर बसला. गाडीत पाच-सहा माणसं. पर्समध्ये फोन चाचपडत होते, तेवढ्यात तो बोलला.

"मॅडम, माझी पोरगी तुमच्याकडंच शिकली. आता सासरी तिला लोक विचारतात, तुजा बाप काय करतो."

मी मागे वळले. "ती नववीत असताना तिचा असा फोटो कुणी काढला असता तर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्याच थांब्यावर उतरला, जिथे त्याचं काही काम असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर तो फाट्यावर दिसला नाही. खटला अजून चालू आहे.

मुलगी दहावी पास झाली. तिच्या बापाला फोटोचं तिनं स्वतःच सांगितलं, मी शेजारी होते. तो म्हणाला, "पोरगी शिकूद्या."

फौजदार मॅडमची बदली झाली. भाड्याची गाडी गेली, होमगार्ड गेले. दुकान बंद आहे, पण शाळेजवळच्या वळणावर एक नवी टपरी आली आहे, आणि तिथे गणवेशातली मुलं थांबतात. पोलीस ठाण्यात विचारलं तर नवे साहेब म्हणाले, तो निधी त्या वर्षापुरता होता. मी आणि मुख्याध्यापकांनी मिळून अर्ज दिला आहे, की तो पुन्हा द्यावा, दर वर्षी द्यावा. उत्तर आलेलं नाही. तोवर शाळा सुटली की मी त्या टपरीपाशी जाऊन उभी राहते. टपरीवाला माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. शेवटची मुलं पुढे निघून गेली की मीही निघते.