प्लग मीच घासले होते

देवासला आमच्यासारखी बरीच मराठी कुटुंबं कारखान्यांतल्या नोकऱ्यांपायी आलेली. ऑफिसात हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, पोरं आपसात भांडायची तीसुद्धा हिंदीतच. मराठी कामाला यायची ती घरात, आरतीला आणि समोरच्याला कळू नये असं काही बोलायचं असेल तेव्हा. दुकानदारापुढे, डॉक्टरापुढे, मिस्त्रीपुढे आम्ही त्याच्याचबद्दल बिनदिक्कत मराठीत बोलायचो. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. मला तर नाहीच नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी मी सेकंडहँड गाडी घेतली. मी कारखान्यात मेंटेनन्सला, त्यामुळे कुठलंही यंत्र आपलं ऐकतंच अशी माझी समजूत. गाडीचे स्पार्क प्लग मी घरीच पॉलिश पेपरने घासायचो. चारांतला एक नीट पेटत नव्हता, उभ्या गाडीत इंजिन थरथरायचं. "अहो, नवे टाका ना," असं बायको म्हणाली, तर मी तिच्यावरच डाफरलो. तसेच चार-पाच महिने काढले.

मग एकदा धामनोदहून परतताना घाटात गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग चाळिसाच्या वर जाईना. कापसाचे ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते आणि मी रस्त्याला, पेट्रोलला, जुन्या मालकाला, सगळ्यांना शिव्या घालत होतो.

आमच्या कॉलनीतल्या सगळ्या गाड्या एकाच मिस्त्रीकडे जायच्या. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून पाहिला. हवा जेमतेम येत होती. मग गाडीखाली शिरून पाइपाचा एक जोड सैल केला आणि मला रेस द्यायला सांगितलं. आवाज कानठळ्या बसवणारा, पण इंजिन एकदम मोकळं झालं. त्याने त्या जोडापुढचा लोखंडी डबा हातोडीच्या दांड्याने ठोकला, तर आत काहीतरी खुळखुळलं.

"भिया, कन्वर्टर जाम है. नया ही डलेगा."

सायलेन्सरच्या आधी हा डबा असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, धूर स्वच्छ करणारी. वस्तू महागडी. माझं डोकं फिरलं. शेजारी उभ्या बायकोला मी मोठ्याने म्हणालो, "थापा मारतोय. त्या जाळीत प्लॅटिनम असतं, ते हवंय याला. या लोकांवर डोळा ठेवावाच लागतो, चोरटे असतात सगळे."

मिस्त्री हात पुसत होता. त्याने एवढंच विचारलं, "प्लग किसने साफ किए?"

"मैंने," मी म्हणालो, तेही ताठ मानेने.

"एक मिस मार रहा है, भिया. कच्चा पेट्रोल अंदर जाके जलता है. उसी से जाली पिघली."

मी गाडी तशीच बाहेर काढली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण कॉलनीत घरोघरी सांगत सुटलो, मिस्त्री लबाड आहे, चांगले पार्ट काढून घेतो. माझ्या शब्दाला वजन होतं, मशिनमधला माणूस ना मी! महिन्याभरात त्याच्या दारात आमच्या कॉलनीची एकही गाडी दिसेना.

सासुरवाडी धारला. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून डबा उतरवून घेतला. त्याने बॅटरी मारली आणि मला वाकून बघायला लावलं. जाळी वितळून तिचा गोळा झाला होता. "प्लग की मेहरबानी है," तो म्हणाला. "देवास वाले ने सही बोला था. पार्ट इंदौर से मँगवाओ, उसी से लगवाओ."

नवा डबा घेऊन पुन्हा त्याच दारात गेलो. माफीची हिंदी वाक्यं मनात जुळवली होती, पण डबा पुढे करून "ये लगा दो" एवढंच म्हणालो. त्याने डबा बसवला, चारही प्लग नवे टाकले आणि उठून शुद्ध मराठीत म्हणाला,

"साहेब, आता प्लग घासू नका, बदलत जा."

"तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं.

"धारला एका मराठी घरी वाढलो मी," तो म्हणाला. "आई तिथं कामाला होती. सगळं समजतं मला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्हा लोकांनाच अवघडल्यासारखं झालं असतं."

त्या क्षणी मला खरोखर तोंड लपवावंसं वाटलं. मी बोललो ते तर त्याने ऐकलं होतंच, पण गेल्या सात-आठ वर्षांत कॉलनीतला प्रत्येक जण तिथे उभा राहून काय काय बोलला असेल! तो रागावला असता तर सोपं झालं असतं. त्याने एकच मागणं केलं. "कॉलनीतली माणसं येत नाहीत आता. मी चोर नाही, एवढं तुम्ही त्यांना सांगा." "सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी जिन्यात शेजारी भेटले. "काय हो, पुन्हा त्याच्याकडेच?" चूक माझी होती, प्लग मीच घासले होते, तो माणूस प्रामाणिक आहे, एवढंच सांगायचं होतं. वाक्य ओठांवर होतं. बायको वरच्या पायरीवर थांबून ऐकत होती.

मी म्हणालो, "हो. सुधारलाय तो आता."

शेजाऱ्यांना पटलं. पुढच्या रविवारी त्यांची गाडी तिकडे उभी होती, मग हळूहळू बाकीच्यांच्याही. काही दिवसांनी मी हवा भरायला गेलो, तेव्हा मिस्त्री हातातलं काम टाकून उठला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही शब्द पाळलात."

मीही हात जोडले.